‘ऐकणे’ या क्रियापदाविषयी

प्राध्यापकांच्या खोलीत जी वाक्ये वर्षानुवर्षे न बदलता उच्चारली जातात, त्यांत ‘हल्लीची मुले ऐकत नाहीत’ या वाक्याचा क्रमांक बहुधा पहिला लागेल. मीही ते असंख्य वेळा उच्चारले आहे. एकदा बी.ए.च्या वर्गात क्रियापदांच्या अर्थच्छटा शिकवताना उदाहरण म्हणून मी हेच वाक्य फळ्यावर लिहिले आणि लिहिता लिहिता थांबले. ‘तो ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या कानांविषयी आपली काहीच तक्रार नसते. तो सांगितल्याप्रमाणे वागत नाही, एवढेच आपल्याला म्हणायचे असते. ‘माझं ऐक’ याचा अर्थ ‘मी म्हणते तसे कर’. आणि ‘मला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं’ याचा अर्थ तर ‘माझा अपमान झाला आणि मला तो सोसावा लागला’. म्हणजे एक क्रियापद, आणि नुसत्या श्रवणापलीकडे गेले की त्याचे दोन रूढ अर्थ हाती लागतात : आज्ञापालन आणि मानखंडना. समोरच्या माणसाचे म्हणणे त्याच्याबद्दलच्या कुतूहलाने कानांत साठवणे, हा अर्थ भाषेत आहे; पण तो सांगायचा तर ‘समजून घेणे’, ‘कान देणे’ असे दुसरे शब्द शोधावे लागतात.

भाषेवरून समाजाविषयी घाईने निष्कर्ष काढू नयेत, हे मी विद्यार्थ्यांना सांगत असते. तरीही त्या दिवसापासून हे क्रियापद माझ्या मनातून गेलेले नाही. त्याचे कारण व्याकरणात नाही. ते एका विद्यार्थ्यात आहे.

माणसांशी कसे वागावे, हे शिकवणाऱ्या पुस्तकांना आपल्याकडे मोठा वाचकवर्ग आहे. एस.टी. स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांशेजारी ती हमखास असतात. डेल कार्नेगी यांचे या विषयावरचे प्रसिद्ध पुस्तक १९३६ सालचे. त्याची मराठी रूपे आजही खपतात. या पुस्तकांना नाके मुरडण्याचे मला कारण नाही. माझे कितीतरी विद्यार्थी त्यांच्या आधाराने मुलाखतींना सामोरे गेले आहेत. फक्त या पुस्तकांच्या मुळाशी असलेले ‘जिंकणे’ हे क्रियापद मला खटकते. समोरचा माणूस जिंकायचा ठरवला, की त्याचे ऐकणे हीही एक चाल होते. आपल्या परंपरेत याच्या उलट रीत दिसते. समर्थांनी दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांपासून सुरू केला आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणे सांगितली. दुसऱ्याला कसे वश करावे हे तिथे मुख्य नाही. आपण कुठे चुकतो, हे मुख्य आहे. आणि मूर्खापासून सुरुवात करून शेवट शिकलेल्या मूर्खापाशी करावा, हा क्रमही मला अर्थपूर्ण वाटतो. आम्ही शिक्षकमंडळी त्या दहाव्या समासाचे हक्काचे वाचक आहोत.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. २०१२ सालच्या जूनमध्ये तो द्वितीय वर्षाच्या वर्गात आला. विशेष विषय मराठी. शेवटच्या बाकावर बसायचा, पहिल्या तासाला हमखास उशिरा यायचा आणि प्रश्न विचारला की खाली मान घालून हसायचा. त्या हसण्याने मी अस्वस्थ होत असे. रागावले तरी तो हसे, आणि जास्त रागावले तर जास्त हसे. महिन्याभरात माझे मत बनले : हा मुलगा उद्धट आहे. मत बनल्यावर पुरावे आपोआप जमू लागतात. वही आणली नाही, तो उद्धटपणा. तासाला पेंगला, तो उद्धटपणा. एकदा खिडकीबाहेर पाहत होता, तोही उद्धटपणाच. साहित्याचे आम्ही अभ्यासक; एखाद्या व्यक्तिरेखेविषयी घाईने मत बनवू नका, तिच्या कृतीमागची कारणे संहितेत शोधा, असे परीक्षेच्या उत्तरांवर लाल शाईने लिहितो. वर्गातल्या माणसाला मात्र मी पहिल्या पानावरच वाचून मिटले होते.

सप्टेंबरमध्ये एके दिवशी तो वीस मिनिटे उशिरा दारात उभा राहिला आणि हसला. मी म्हणाले, “शिकायचं नसेल तर घरी बसावं. इथं येऊन दात काढू नयेत.” वर्ग हसला. तो दोन क्षण उभा राहिला, मग वळून निघून गेला. त्यानंतर तो वर्गात आला नाही. मला तेव्हा वाईट वाटले नाही, हे इथे नोंदवायला हवे. एक अडथळा दूर झाला, असेच वाटले.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे. येरळेच्या काठी वसलेले असले, तरी वर्षातला बराच काळ ती नदी नावापुरतीच असते. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईतो संपलेला असतो. पलीकडे माण, आटपाडी. सगळा माणदेश याच पर्जन्यछायेतला. त्यामुळे बाहेर जाणे इथल्या जगण्याचा भाग आहे. कोणी मुंबईला माथाडी कामात, कोणी मेंढरे घेऊन कोकणात, तर कोणी सोने-चांदी गाळण्याच्या गलाईच्या धंद्यात भारतभर. माझ्या वर्गात असा एकही विद्यार्थी नसेल, ज्याच्या भावकीतले कोणीतरी दूरच्या राज्यात गलाईच्या दुकानात नाही.

२०१२-१३ चा दुष्काळ या भागाच्या स्मरणात खोल गेलेला आहे. टँकर आले, चारा छावण्या उभ्या राहिल्या. हे सारे मी वर्तमानपत्रात वाचत होते, येता-जाता पाहतही होते. परंतु छावणीत बांधलेल्या जनावरांपाशी रात्री कोणी ना कोणी थांबावे लागते, आणि ते ‘कोणी’ म्हणजे बहुधा घरातला धाकटा मुलगा असतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. दिवाळीनंतर एस.टी. स्थानकावर एका वृद्ध गृहस्थांनी मला थांबवले. डोक्याला पटका, हातात औषधाची पिशवी. नातवाचे नाव सांगून म्हणाले, “बाई, पोरगं रात्रीचं छावणीवर असतंय. जनावरं सोडून येता येत न्हाई. सकाळी धाकलं चुलतं आलं की मग निघतंय. तुमी नाव कमी करू नगा.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. नातवाने घरी काय सांगितले होते, कोण जाणे. माझे शब्द त्याने सांगितले नसावेत. मी “नाही, आजोबा, नाही करणार” असे काहीतरी पुटपुटले आणि गाडी लागल्याचे निमित्त करून निघाले.

इथवरची गोष्ट पुष्कळांच्या वाट्याला आलेली असेल, आणि बहुतेक जण ती इथेच संपवतात : शिक्षकाला चूक कळली, डोळे उघडले. माझे डोळे उघडले नाहीत. त्यांच्यावर फक्त दुसरी झापड आली. त्या संध्याकाळपासून तो मुलगा माझ्या लेखी ‘उद्धट’ राहिला नाही, ‘बिचारा’ झाला. मी सहकाऱ्यांपाशी त्याची कहाणी सांगितली. सांगताना माझा गळा दाटून आला, आणि तो दाटून आलेला इतरांनी पाहिला याचे मला थोडे समाधानही वाटले. आम्ही काही पैसे जमवले. मित्रांकरवी त्याला निरोप पाठवला. तो आला, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीत पाचसहा जण बसलेले होते. मी टेबलामागे बसले होते. त्याला मी समोर उभे केले, त्याच्या परिस्थितीविषयी सर्वांदेखत चार शब्द बोलले आणि पाकीट पुढे केले.

त्याने ते घेतले नाही. खाली मान घालून तो नेहमीसारखा हसला. म्हणाला, “नको मॅडम. आमचं भागतंय.” मी आग्रह केला, संकोच करू नकोस, म्हणाले. तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, “तुमी मला काय इचारलंच न्हाई.” आणि गेला.

या वाक्याचा अर्थ लावायला मला बराच काळ लागला. सुरुवातीला तर मला तेही उद्धटपणाचेच वाटले. मदत करणाऱ्याला असे बोलावे? नंतर हळूहळू उमगले, की माझ्या दोन्ही वागण्यांत फरक होता तो केवळ माझ्या भावनेचा. आधी राग होता, मग कणव. त्याच्याशी माझे नाते मात्र तसूभरही बदलले नव्हते. दोन्ही वेळा मी बोलत होते आणि तो ‘ऐकून घेत’ होता. दोन्ही वेळा इतर लोक पाहत होते. दोन्ही वेळा त्याच्याविषयीचे सत्य मला आधीच ठाऊक होते. पूर्वग्रहाला आपण सहसा वाईट मत समजतो. चांगल्या, सहानुभूतीने ओथंबलेल्या मताचाही पूर्वग्रह होऊ शकतो, आणि तो ओळखणे अधिक कठीण, कारण त्यात आपण स्वतःला भले वाटत असतो.

टेबलाविषयीही मी तेव्हापासून विचार करू लागले. वडूजच्या कचेरीचे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिच्यावर तिरंगा लावण्यासाठी परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली लोक चालून आले. निःशस्त्र मोर्च्यावर गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. त्या धारातीर्थाशी माझ्या क्षुल्लक अनुभवाची तुलना मी करणार नाही. एवढेच म्हणते, की ज्या गावातल्या शाळकरी मुलालाही हा इतिहास ठाऊक आहे, त्या गावातसुद्धा आजही टेबलापुढे उभा राहिलेला माणूस वेगळाच दिसतो. एरवी पारावर मोकळेपणाने बोलणारा शेतकरी कागदाच्या कामासाठी टेबलापुढे उभा राहिला, की त्याची वाक्ये अर्धी होतात. तो आपली बोली टाकून पुस्तकी मराठी बोलू पाहतो. ती जमत नाही म्हणून गप्प होतो. आणि पलीकडचा माणूस समजतो, की याला काही सांगायचेच नाही. वर्गातही हेच घडते. ‘न्हाई’ म्हणणारा मुलगा ‘नाही’ म्हणायला शिकेपर्यंत हात वर करत नाही. प्रमाणभाषा शिकवणे माझे कामच आहे, पण ती यायच्या आधी ज्यांना बोलायचे असते, त्यांच्यासाठी मी कोणती जागा ठेवली होती?

त्या वर्षी अभ्यासक्रमाबाहेरचे वाचन म्हणून मी पुन्हा ‘बनगरवाडी’ हाती घेतली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर आलेला कोवळा मास्तर आणि ती वाडी यांची ही कथा. आपण ती प्रादेशिकतेसाठी शिकवतो, निवेदनशैलीसाठी शिकवतो. या खेपेला मी ती ‘माणसांशी कसे वागावे’ याचे पुस्तक म्हणून वाचली. मास्तर वाडीवर येतो तेव्हा शाळा रिकामी आहे. तो भाषण देत नाही. म्हाताऱ्या कारभाऱ्याशी त्याची गाठ पडते आणि मुले हळूहळू येऊ लागतात. शिकवण्याइतकीच बाकीची कामे त्याच्या गळ्यात पडतात; लोक आपल्या अडीनडी घेऊन त्याच्यापाशी येतात आणि तो ती कामे करतो. वाडी त्याची होते ती या कामांमुळे, विद्वत्तेमुळे नव्हे.

आणि तरीही अडथळा येतोच. कारभाऱ्याच्या मुलीची चोळी शिवून आणण्याच्या साध्या कामावरून गैरसमज होतो, आणि ज्याने मास्तरला आधार दिला तोच म्हातारा त्याच्याशी बोलेनासा होतो. हा भाग मी पूर्वी कथानकातला एक ताण म्हणून शिकवत असे. आता वाटते, माडगूळकर इथे फार खरे काही सांगतात. आपला हेतू शुद्ध आहे, एवढे पुरत नाही. आपली कृती समोरच्याच्या जगात कशी दिसते, हे आपल्याला कळत नसते. आणि विचारल्यावाचून, थांबल्यावाचून ते कळण्याचा मार्गही नसतो. मास्तरचे तरुणपण आणि बाहेरून आलेलेपण, दोन्ही त्याच्या आड येतात. माझ्या आड माझे वय आले, आणि वर्षानुवर्षे त्या गावात राहूनही न गेलेले बाहेरपण.

औंध संस्थानाचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर हे १९३९ साली संस्थानाने वसवलेले खुले कारागृह. मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना आणि राजांचा पाठिंबा यांतून ते उभे राहिले. कैद्यांना भिंतीआड कोंडण्याऐवजी विश्वासाने मोकळे ठेवायचे, शेती करू द्यायची, हा तो प्रयोग. ग. दि. माडगूळकरांची कथा असलेला व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ या प्रयोगावरून सुचलेला. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसाकडे शिक्क्यापलीकडे पाहता येते, हे या दुष्काळी मुलखात त्या काळी काही लोकांनी करून दाखवले. चित्रपटाविषयी मी वर्गात तासभर बोलू शकते. माझ्या वर्गातला मुलगा गुन्हेगारही नव्हता. तो फक्त उशिरा येत होता.

तो मुलगा पदवी पुरी करू शकला नाही. मार्चमध्ये केरळातल्या मामाच्या गलाईच्या दुकानावर गेला, असे त्याच्या मित्राने सांगितले. दुष्काळ होता, घरात पैसा नव्हता. गेला असता तसाही गेला असता, असे मी मनाला समजावते. ‘समजावणे’ हेही एक मोठे सोयीचे क्रियापद आहे. दारातून तो परतला नसता, तर निदान परीक्षेपुरता राहिला असता का, याचे उत्तर मला कधी मिळणार नाही.

पुढे पाचसहा वर्षांनी, गावच्या यात्रेच्या दिवसांत, तो अचानक घरी आला. गलाईवाली मंडळी यात्रेला हमखास गावी येतात. अंगात चांगला सदरा, हातात केळीच्या वेफर्सचा पुडा. मी चहा टाकत होते, तर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच टेकला. मी खुर्ची पुढे केली. “असूं द्या,” म्हणाला. मग मीही भाजीची परात घेऊन खालीच बसले आणि मेथी निवडू लागले. काय बोलावे सुचत नव्हते. माफी मागायचे मनात होते, पण तिचीही मी मनात तयार वाक्ये जुळवते आहे, हे जाणवले आणि गप्प राहिले. म्हटले फक्त, “कसं असतं रे तिकडं?”

तो बोलू लागला. जवळजवळ तासभर बोलला. आम्लाचा वास कसा घशात बसतो, मल्याळम् कसे आधी आकड्यांपासून शिकला, एका वृद्ध सोनाराने त्याला तिकडची अक्षरे कशी गिरवायला दिली. “मराठीचे मॅडम होत्या आमच्या, अक्षराला लई बघायच्या, असं सांगितलं मी त्यास्नी,” तो म्हणाला. मी मान वर केली नाही. मेथीच्या काड्या आणि पाने एकाच ढिगात पडत होती.

जाताना मी एकच प्रश्न विचारला, जो पाच वर्षांपूर्वी विचारायला हवा होता : “तू तेव्हा हसायचास का रे?”

तो पुन्हा तसाच हसला. म्हणाला, “लाजलो की हसाय येतं मॅडम मला. ल्हानपणापास्नं. घरात बी सगळी बोलत्यात त्यावरनं.”

एवढेच होते. त्यामागे दारिद्र्य नव्हते, बंडखोरी नव्हती, कुठली करुण कहाणी नव्हती. एका माणसाची एक लकब. तिच्यावर मी आधी एक भाष्य रचले, मग दुसरे. आणि विचारले असते, तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळाले असते.

माणसांशी नीट वागण्यातले अडथळे कोणते, असे मला आज कोणी विचारले, तर मला शहाणपणाची यादी देता येणार नाही. घाई, टेबल, भाषा, चारचौघांत चांगले दिसण्याची हौस, ही काही नावे सांगता येतील. पण ती सगळी माहीत असूनही मी अजून चुकते. गेल्याच महिन्यात एका मुलीला मी तिचे वाक्य पुरे होण्याआधी उत्तर दिले. ती “बरं मॅडम” म्हणून गेली. नंतर मी व्हरांड्यात तिला गाठले आणि म्हणाले, “तुझं बोलणं मघाशी अर्धंच राहिलं. काय सांगत होतीस?” तिने आधी अविश्वासाने पाहिले. मग भिंतीला टेकली, आणि सांगू लागली.

‘मुले ऐकत नाहीत’ हे वाक्य आमच्या खोलीत अजूनही ऐकू येते. मी त्याला विरोध करत नाही. फक्त अलीकडे ते वाक्य माझ्या तोंडून पुरे होत नाही.